घरच्या चुलीवरचा दालचिनीचा पाव

पाव आपल्या घरांत आतां परका राहिलेला नाहीं. मुलांच्या दुपारच्या खाण्यांत, पाहुण्यांच्या चहाबरोबर, आजाऱ्याच्या दुधांत तो केव्हांच येऊन बसला आहे. तथापि रोज डझनावारी पोळ्या लाटणाऱ्या आपल्या भगिनी पाव मात्र बाजारांतूनच आणवितात. तो घरीं करणें हें आपलें काम नव्हे, ही समजूत अद्याप दृढ आहे. तिच्या मुळाशीं दोन कारणें दिसतात: एक जुना विटाळाचा भाव, आणि दुसरें भट्टीची अडचण. पहिलें इतिहासजमा होत आलें आहे. दुसरें वाटतें तितकें खरें नाहीं.

पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पाओं’ या शब्दावरून आला. ‘पायांनीं तुडवितात म्हणून पाव’ ही व्युत्पत्ति कित्येक वडीलधारी माणसें अजून सांगतात. परंतु तिला कांहीं आधार नाहीं. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, आणि गोव्यांत तर त्यांचें राज्य १९६१ पर्यंत टिकलें. तिकडे पीठ फुगविण्यास माडाची सुर वापरीत. तेव्हां सोवळ्या घरांस या पदार्थाचें वावडें असावें, यांत नवल नाहीं. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, एवढ्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला आणि प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली! आज दिव्याहून गाडींत बसून आपण सहज वसईस जातों, आणि तिथला पावही घेऊन येतों. शंका एवढीच उरते, कीं बाहेरच्या पावांत काय घातलें आहे आणि तो केव्हांचा आहे. तिचें उत्तम उत्तर म्हणजे तो घरीं करणें.

दिवा, डोंबिवली, कल्याण येथील कुटुंबांस हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. घरांतील मिळवतीं माणसें पहाटेच लोकल गांठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. वाटेंत भूक लागली, कीं स्थानकावरचें तळलेलें कांहींतरी पोटांत जातें. डब्यांत दोन दिवस टिकेल, हात न बरबटतां गर्दींत खातां येईल, आणि लहानथोरांस आवडेल, असा हा दालचिनीचा पाव आहे. त्यांत अंडें नाहीं.

साहित्य: मैदा २०० ग्रॅम, चाळलेली कणीक १०० ग्रॅम, कोमट दूध १८० मिलिलिटर, साखर ३ मोठे चमचे, कोरडें यीस्ट दीड लहान चमचा, मीठ पाऊण लहान चमचा, मऊ लोणी ४० ग्रॅम. सारणास: किसलेला गूळ ६० ग्रॅम, दालचिनीची पूड २ लहान चमचे, मैदा १ मोठा चमचा, लोणी २० ग्रॅम.

कृति: दूध बोटास सोसेल इतकेंच कोमट असावें, कढत दुधानें यीस्ट मरतें आणि पाव दगड होतो. दुधांत साखर व यीस्ट घालून १० मिनिटें झांकून ठेवावें. वर फेंस आला नाहीं, तर यीस्ट जुनें आहे असें समजून तिथेंच थांबावें. पीठ तरी वांचेल. फेंस आल्यावर मैदा, कणीक व मीठ एकत्र करून त्यांत तें दूध ओतावें आणि पीठ मळावें. शेवटीं लोणी घालून आणखी १० मिनिटें नेटानें मळावें. आरंभीं तें हातास चिकटेल. त्या भरांत वरून मैदा घालूं नये. मळतां मळतां तें आपोआप सुटतें. पावसाळ्यांत खाडीकांठच्या हवेनें पीठ दमट होतें, तेव्हां दूध दोन चमचे कमीच घ्यावें.

पीठ झांकून दुप्पट होईपर्यंत ठेवावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पाऊण तास पुरतो, थंडींत दीड तासही लागतो. घड्याळापेक्षां पिठाकडे पाहावें. नंतर त्याची पोळी लाटून तिला लोणी फांसावें. गूळ, दालचिनी व मैदा एकत्र करून वर पसरावें. हा चमचाभर मैदा गाळूं नये; त्यावांचून गूळ पाझरून तळाशीं करपतो. अळुवडीचा उंडा करतों तसा घट्ट गुंडाळून त्याचे ८ तुकडे करावे, आणि तूप लावलेल्या ८ इंची गोल डब्यांत कापलेली बाजू वर करून थोडे अंतरावर मांडावे. अर्ध्या-पाऊण तासानें ते फुगून एकमेकांस टेंकतील.

भट्टी असल्यास १८० अंशांवर २५ ते ३० मिनिटें भाजावें. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत जाड मिठाचा बोटभर थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, झांकण लावून १५ मिनिटें तापवावें, आणि डबा आंत ठेवून मंद आंचेवर ४० ते ४५ मिनिटें भाजावें. पहिली २५ मिनिटें झांकण उघडूं नये. या रीतीनें वरची बाजू फिकी राहते, पण पाव आंतून उत्तम शिजतो. सुरी खुपसून कोरडी निघाली, म्हणजे झालें. पूर्ण निवल्यावरच तुकडे सोडवावे.

दालचिनी पिठांत न मळतां सारणांत कां घालावी, असें कोणी विचारील. तिच्या तेलांत सूक्ष्म जीवांची वाढ रोखण्याचा गुण आहे. पिठांत ती फार झाली, तर यीस्टही मंदावतें. बाजारांत दालचिनी दोन जातींची मिळते. पातळ, अनेक पदरांची, बोटांनीं चुरणारी ती सिंहली. जाड, टणक, एकाच वळणाची ती कॅसिया. दुसरींत कुमारिन नांवाचें द्रव्य पुष्कळ असतें व तें नित्य फार सेवन केल्यास यकृतास अपाय करूं शकतें. युरोपीय संघानें २००८ च्या नियमानें भाजलेल्या खाद्यांत त्याची मर्यादा ठरविली आहे. अधूनमधून खाण्यास भय नाहीं. परंतु ‘दालचिनीनें मधुमेह जातो’ अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून वडील मंडळींनीं रोज चमचा चमचा पूड घेऊं नये. मधुमेह्यास हा पावही गोडच आहे, हें विसरूं नये.

एक गोष्ट शेवटीं स्पष्ट सांगणें अवश्य आहे. घरचा पाव म्हणजे सुनेच्या माथीं आणखी एक काम, असें होणार असेल, तर तो विकतचाच बरा. या कामांत माणूस प्रत्यक्ष गुंतून राहतें तें फार तर पाऊण तास. उरलेला वेळ पीठ आपलें काम आपणच करतें. मळण्यास बळ लागतें, तें घरांतील तरुण मुलांजवळ भरपूर आहे. गूळ किसणें सासूबाईंनीं बसल्या जागीं करावें. तुकडे मांडण्याचा हट्ट मुलें स्वतःच धरतील. रविवारीं सर्वांच्या हातून झालेला पाव सोमवारीं सर्वांच्या डब्यांत गेला, तर त्याची गोडी गुळाहून अधिक वाटेल.