मुंबईचं प्रशिक्षण आणि एक जादा दिवस

अंगणवाडी सेविकांना मुंबईत प्रशिक्षणाला बोलावतात तेव्हा आदेशात सगळं असतं. तारीख, वेळ, सोबत आणायच्या नोंदवह्या, गैरहजर राहू नये ही ताकीद. शहर बघायला मात्र वेळ नसतो. माझी सारी नोकरी जव्हार-मोखाड्यात पर्यवेक्षिका म्हणून गेली. आता निवृत्त आहे, आणि माझं मागणं एवढंच आहे, की या बायकांना मुंबईत एक दिवस जास्त ठेवा आणि तो दिवस कामाचा धरा.

खोडाळ्याकडची सेविका अंधारात जीप धरून कसाऱ्याला येते, तिथून लोकल. जव्हारची मनोर, पालघर करत येते. दिवसभर सभागृहात पोषण ट्रॅकर आणि वजन-उंचीचे तक्ते. संध्याकाळी उपस्थितीचा दाखला हातात पडला की लगेच पळापळ, कारण शेवटची एसटी चुकली तर रात्र स्टँडवर.

वरचे अधिकारी आमच्याकडे आढाव्याला येतात तेव्हा दाभोसा धबधबा, मुकणे राजांचा जयविलास राजवाडा पाहून जातात. जरूर पाहावेत. पावसाळ्यात पाड्यावर गाडी का पोचत नाही, हे इथली दरी पाहिल्याशिवाय कळत नाही. मग सेविकेनं मुंबई का पाहू नये? राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शनासाठी रजा प्रवास सवलत मिळते. सेविका मानधनावर, तिला ती नाही.

एका वेळी प्रशिक्षण लवकर आटोपलं आणि आम्ही काही जणी चर्चगेटहून मरीन ड्राइव्हला गेलो. मोखाड्याच्या एका उंच पाड्यावरची सेविका कठड्याला टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मॅडम, पलीकडचा काठ कुठाय?" तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मध्य वैतरणा धरण. ते तिच्याच तालुक्यात, कोचाळ्याला, २०१४ साली झालं. रोज ४५ कोटी लिटर पाणी तिथून या शहराला मिळतं, आणि तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे सांगितल्यावर ती समुद्राकडे पाठ करून समोरच्या इमारती मजल्यामजल्यानं न्याहाळू लागली.

पुढं गिरगाव चौपाटीवर तिनं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत समुद्र भरून घेतला. नंतरच्या भेटीत मी तिच्या अंगणवाडीत गेले, तर पोरं वाटीतल्या त्या पाण्यात बोट बुडवून चाटत होती. तोंडं वेडीवाकडी करायची आणि पुन्हा बोट बुडवायची. तक्त्यावरचा समुद्राचा निळा पट्टा खारट असतो हे त्या पोरांना आता कुणी शिकवायला नको.

दिवाळीनंतर आमचे पाडे ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. वसई, भिवंडी, मुंबई. सेविका नोंदवहीत 'स्थलांतरित' लिहिते. मूल परत येतं ते वजन घटवूनच. बांधकामाच्या पत्र्याआड ते दिवसभर कसं राहतं, आई त्याला कधी आणि काय भरवते, हे सेविकेनं डोळ्यांनी पाहिलं तर त्या आईशी ती वेगळं बोलेल. नुसता वजनाचा आकडा दाखवून रागावणार नाही. त्या जादा दिवसातला अर्धा वेळ अशा एखाद्या बांधकामावर जावा, असं मला मनापासून वाटतं.

उरलेला अर्धा दिवस मात्र निव्वळ हिंडण्याचा. त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारू नये. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज गरम जेवण मिळतं, ते याच सेविका-मदतनिसांच्या कष्टांवर. दुसऱ्यांची पोरं वाढवण्यात ज्यांचं वय सरलं, त्यांना समुद्र बघावासा वाटतो, एवढं कारण पुरे आहे.

खर्च म्हणाल तर एका रात्रीचा मुक्काम, जेवण आणि एक बस. जिल्ह्याच्या बैठकीला पालघरला बोलावतात, तेव्हा तेवढंही लागणार नाही. बैठक सकाळी घेतली तर दुपारी शिरगावचा किंवा केळव्याचा किनारा सहज होतो. फक्त परतीच्या गाडीची सोय कार्यालयानं करावी. आणि मुंबईचं प्रशिक्षण मंगळवारी संपवू नये. बुधवारी राणीची बाग बंद असते.