‘द डिसायपल’ बघा, मग झाकीरभाईंना ऐका

या सुट्टीत तीन-चार तास काढा. एक चित्रपट बघा आणि एक मुलाखत ऐका. दोन्ही मोबाइलवर मिळतात. फक्त प्लेबॅकचा वेग दीडपट करू नका, ही आम्हा आयटीवाल्यांची खोड इथे चालत नाही.

चित्रपट आहे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. मराठी आहे, नेटफ्लिक्सवर आहे. २०२० साली व्हेनिस महोत्सवात त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला, तरी माझ्या मित्रांपैकी दोघांनीच तो पाहिलाय. शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण शास्त्रीय गाणं शिकतो. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून बाइक चालवत तो माई नावाच्या गायिकेच्या जुन्या टेप ऐकतो. त्यात साधना आणि त्याग यांविषयी कठोर बोल आहेत. वर्षं जातात, अंग सुटतं, पण गाणं हवं तिथे पोचत नाही. खलनायक कुणीच नाही. कॅमेरा लांब उभा राहून बघत राहतो.

मला तर गाण्यापेक्षा आपली पोरं आठवली. स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न देणारी, घरातली पहिली पदवीधर. ‘मेहनत करो, फल मिलेगा’ हे आपण त्यांना इतक्यांदा ऐकवतो, की फळ नाही मिळालं तर घरात बोलायला कुणाकडे शब्दच उरत नाहीत. हा चित्रपट शरदला हसत नाही आणि खोटा दिलासाही देत नाही.

शरदच्या गुरुजींचं काम अरुण द्रविड यांनी केलंय. ते शिक्षणाने केमिकल इंजिनिअर आणि किशोरी आमोणकरांचे शिष्य. किशोरीताई शिकल्या आई मोगूबाई कुर्डीकरांकडे, मोगूबाई कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे. संगीताशी आपला संबंध काय, असं आपल्याला घरातही ऐकवतात आणि बाहेरही. त्यांना ही साखळी सांगा.

मग यूट्यूबवर झाकीर हुसेन यांची एखादी लांब मुलाखत लावा. माहीमचं बालपण त्यांनी अनेकदा सांगितलंय. बाळाच्या कानात दुआ म्हणायची रीत, पण अब्बा अल्लारखाँ यांनी तबल्याचे बोल म्हटले. अम्मी नाराज झाल्या, तर म्हणाले, माझी इबादत हीच आहे. पुढे पहाटे अब्बांसोबत रियाझ, मग मदरसा, मग चर्चची शाळा, असा या मुलाचा दिवस. यातलं एक निवडावं, असं त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. उस्ताद होण्याच्या मागे लागू नकोस, चांगला शागीर्द हो, हेही अब्बांचंच सांगणं. यश मिळालेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य सहज वाटतं. म्हणूनच आधी शरदला बघा म्हणतोय.

आणि हो, चित्रपटातले एक-दोन प्रसंग अम्मी-अब्बांसोबत बघायला अवघड जातील. तो एकट्याने बघा. मुलाखतीला मात्र सगळ्या घराला बसवा.