पुढच्यास ठेच, मागचा शहाणा कधी?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी कंप पावली आणि काही सेकंदांत लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीचे ढिगारे होऊन पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन दमलेली माणसे गाढ झोपेत होती. सुमारे आठ हजार जीव त्या पहाटे गेले. या घटनेला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्या वेळी विशी-पंचविशीत असलेले तरुण आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत, आणि तेव्हाचे कर्ते लोक एकामागून एक काळाच्या पडद्याआड जात आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचा अनुभवही लुप्त होऊ द्यावयाचा काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

संकटग्रस्तांचे बोलणे ऐकण्याची आपली एक ठरावीक रीत होऊन बसली आहे. पहिले आठ दिवस मंत्र्यांचे दौरे, जुन्या कपड्यांच्या राशी आणि हृदयद्रावक कहाण्या. पुढे वर्षश्राद्धाच्या दिवशी दोन मिनिटे स्तब्धता. आणि मग येरे माझ्या मागल्या! माळीण (२०१४), तळिये (२०२१), इरशाळवाडी (२०२३), प्रत्येक वेळी हाच क्रम आपण पाहिला. या कहाण्यांवर आपण अश्रू ढाळतो. त्यांत साठलेले ज्ञान मात्र कोणी टिपून घेत नाही. वास्तविक, वाचलेला माणूस हा त्या दुर्घटनेचा प्रमुख साक्षीदार होय, आणि साक्षीदाराचे केवळ सांत्वन करून त्याला घरी पाठविण्याची पद्धत कोणत्याही न्यायासनापुढे चालत नाही.

किल्लारी-सास्तूरच्या साक्षीदारांनी काय सांगितले? त्यांना मारले ते त्यांच्या घरांनी. उन्हापासून व चोराचिलटांपासून रक्षण व्हावे म्हणून तेथे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती रचल्या जात. त्यांचा आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मध्ये माती व दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड मात्र नाही. वर माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेले मातीचे थर. धक्का बसताच भिंतींचे पदर सुटले आणि तो सारा भार झोपलेल्यांच्या अंगावर कोसळला. उलट, ज्यांना असे भक्कम घर बांधण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्या बहुतांशी तगल्या. जी भिंत प्रतिष्ठेची तीच काळ ठरली! ही गोष्ट इंजिनियरांनी पुढे अहवालांत नोंदविली. ढिगारे उपसणाऱ्यांना ती पहिल्या दिवशीच उमगली होती.

दुसरी साक्ष याहून गंभीर आहे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात या परिसराला धक्के बसले होते व लोक भयभीत झाले होते. परंतु तत्कालीन नकाशाप्रमाणे हा प्रदेश भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पहिल्या विभागात मोडत होता! नकाशा आणि माणसांचा अनुभव यांत विरोध आला तेव्हा विश्वास नकाशावर ठेवला गेला. पुढे २००२ साली नकाशा बदलला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली; पण तोपर्यंत नऊ वर्षे उलटून गेली होती.

कोयनेची कथाही याच जातीची आहे. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर त्या खोऱ्यात धक्के जाणवू लागले. १९६७ च्या सप्टेंबरात एक मोठा धक्का बसला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे १८० माणसे दगावली; कोयनेच्या विजेवर चालणारी मुंबईही त्या दिवशी हादरली. दख्खनचे पठार अचल आहे, या समजाला तेव्हाच तडा गेला होता. पाटण तालुक्यातील लोक तेव्हापासून लहानमोठ्या धक्क्यांच्या सोबतीने जगत आहेत. शास्त्रज्ञांनी त्या परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेऊन भूगर्भाचा कानोसा घेतला, हे अत्यंत स्तुत्य होय. तितक्याच आस्थेने तेथील वृद्धांच्या आठवणींचा कानोसा कोणी घेतला आहे काय?

हा सर्व खेड्यापाड्यांचा प्रश्न आहे, असे मानून शहरवासीयांनी स्वस्थ बसू नये. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील कित्येकींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचा भार आणि खाली केवळ खांब. मुंबई-पुण्यातील आमच्या वाचकांनी आपापल्या इमारतीच्या तळमजल्यावर एकदा नजर टाकावी. २००२ च्या त्याच नकाशात ही दोन्ही शहरे किल्लारीच्याच विभागात आहेत. नवे घर घेताना आपण लाद्या, नळ आणि उद्वाहन पाहतो. खांबांत लोखंड किती व कसे बांधले आहे हे विचारणारा विरळाच! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आपण किती मैल चाललो, कोणी चहा पाजला, याच्या गोष्टी मुंबईकर अजूनही रंगवून सांगतो. मिठी नदीचे पात्र कोणी आवळले, हा प्रश्न त्या गोष्टीत क्वचितच येतो.

अनुभवाचे शहाणपण कसे करावे, याचा धडा इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटाने घालून दिला आहे. १९०७ साली त्सुनामीच्या लाटांनी त्या बेटावर हाहाकार माजविला. वाचलेल्यांनी नातवंडांना एकच गोष्ट शिकविली: जमीन जोराने हादरली आणि समुद्र मागे हटला की टेकडीकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी शेजारच्या आचे प्रांतात लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; हजारोंची वस्ती असलेल्या या बेटावर मात्र केवळ सात. तेथे ना यंत्रे होती, ना धोक्याचे भोंगे. होती ती फक्त आजोबांची आठवण.

आमचे म्हणणे एवढेच आहे. किल्लारी, कोयना, माळीण येथील साक्षी शासनाने व विद्यापीठांनी पद्धतशीरपणे नोंदवून घ्याव्यात, आणि त्या दप्तरात न पुरता शाळांतील मुलांपर्यंत, गवंड्यांपर्यंत व इंजिनियरांपर्यंत पोहोचवाव्यात. पुनर्वसनाचे कडू-गोड अनुभवही त्यांत यावेत. कारण पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसविताना शेताचे अंतर, गुरांची जागा आणि शेजार यांचे काय झाले, हे तेथील स्त्रियांइतके कोणास ठाऊक असणार? आणि शहरांतील गृहसंस्थांनी वार्षिक सभेत रंगरंगोटीच्या आधी इमारतीच्या मजबुतीचा विषय घ्यावा.

पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, असे आपण म्हणतो. ठेच किल्लारीला लागली, कोयनेला लागली, अहमदाबादला लागली. मागचे ते आपण. सांगणारे अजून हयात आहेत. तोवरच त्यांना विचारून घेतले पाहिजे.