झळाळीला भुलू नका

वाचकहो, सोने म्हटले की आपण आधी रंग पाहतो. जपानच्या जुन्या मोहरेच्या बाबतीत मात्र रंगच दगा देतो.

१६०१ साली तोकुगावा इएयासूच्या अमलात ‘कोबान’ हे लंबगोल, पातळ नाणे निघाले. वजन सुमारे १७.८ ग्रॅम, शंभरात सुमारे ८५ भाग सोने, बाकी चांदी. १६९५ साली खजिना भरण्यासाठी सरकारने वजन तेच ठेवून सोने ५७ भागांवर आणले. नाण्याला रसायने लावून तापवले की वरच्या थरातली चांदी निघून जाई आणि नाणे पिवळेधमक दिसे. म्हणजे सरकारी नाणेच वरून एक, आतून एक!

मग पारख कशी करायची? नाणे आधी कोरडे तोलावे, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावे. पहिले कोबान पाण्यात सुमारे १ ग्रॅम घटते, १६९५ चे सव्वा ग्रॅम. तेवढ्याच वजनाचे पितळ २ ग्रॅम घटते. नंतर ठसे पाहावेत. पंख्याच्या चौकटीतले पानाफुलांचे चिन्ह आणि टांकसाळीच्या गोतो घराण्याची सही हवी. आडव्या रेघा हाताने ठोकलेल्या असतात. दोन नाण्यांच्या रेघा हुबेहूब जुळल्या, तर माल साच्यातला समजावा.

नाणे घासून चकचकीत मात्र करू नये. जुना थर गेला की पुरावाही गेला.

एवढे जमले तरी शेवटचा शब्द जाणकाराचा. आमचे सांगणे इतकेच : घामाचा पैसा मोजण्याआधी वस्तू तोलून घ्या. झळाळी फसवते, तराजू सहसा फसवत नाही.