कौलं की पत्रा?

गेल्या शनिवारी पहाटे रत्नागिरीला पोचलो तर बाबा छपरावर! वय ६७, दोन्ही गुडघे कुरकुरतायत, आणि हा माणूस आढ्यापाशी बसून कौलं परततोय. खाली आई शिडी धरून उभी. मला बघून म्हणाली, "सांग आता तूच काहीतरी. माझं ऐकतायत कुठे."

झालं होतं असं, की दरवर्षी मे महिन्यात येणारे गडी यंदा आलेच नाहीत. एक मुंबईला गेला आणि दुसरा हल्ली फक्त पत्र्याची कामं घेतो. त्यात वांदरांचा उच्छाद. आंब्यावरून छपरावर उडी मारली की दोन-चार कौलं गेलीच. जून तर तोंडावर आलेला.

बाबा तीन वर्षं म्हणतायत, पत्रा घालूया. आणि तीन वर्षं नाही म्हणणारा मी. पुण्यात सातव्या मजल्यावर स्लॅबखाली झोपणारा मी!

माझे मुद्दे तुम्हाला पाठ असतील. पत्रा तापतो, पाऊस पडला की टीव्हीसुद्धा ऐकू येत नाही, आणि 'घराचं कोकणीपण जातं'. पहिले दोन खरे आहेत. तिसऱ्याचं मात्र मला आता हसू येतं. ज्या मंगलोरी कौलावर आपण एवढा जीव टाकतो, ते मुळात कारखान्यातलं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची, नाहीतर गवताची छपरं. म्हणजे आमच्या कोणा पूर्वजानेही कधीतरी 'रोज रोज कोण शाकारतंय' म्हणत जुनं काढून नवं घातलंच असणार. तेव्हा कोणी त्याला कोकणीपणाबद्दल ऐकवलं असेल का?

असो. भावना बाजूला ठेवून रविवारी कागद-पेन घेऊन बसलो (इंजिनिअरिंगचा एवढा तरी उपयोग). एक मंगलोरी कौल साधारण अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो. अर्धा मिलीमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला पाच किलोच्या आत. आमचं छप्पर ८० चौरस मीटर धरलं तर आत्ता घरावर साडेतीन टन बसलेत, पत्रा घातल्यावर चारशे किलोसुद्धा उरणार नाहीत.

वाटतं, बरंच झालं, भार कमी! पण इथेच खरी मेख आहे. जुन्या घरांत वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात. त्यांना दाबून धरतं ते कौलांचं वजन. वादळात कौलं सुटी सुटी उडतात, फटींतून हवा निघून जाते, सांगाडा बहुतेक वेळा वाचतो. पत्रा मात्र सलग. वाऱ्याने खालून उचलला की वाशांसकट जातो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' आलं त्यानंतर दापोलीकडे गेलो होतो. माडाच्या खोडाला कागदासारखे गुंडाळलेले पत्रे बघितलेत मी. तेव्हा कौलं काढून त्याच वाशांवर पत्रा ठोकून देणारा कंत्राटदार भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सांगाडा चिऱ्याच्या भिंतीला बोल्टने बांधून घेतला पाहिजे, आणि स्क्रू कडेला आणि कोपऱ्यांत जवळजवळ हवेत, कारण वारा तिथेच आधी हात घालतो. खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो, म्हणून अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेलाच घ्यायचा. आणि त्याहून आधी स्क्रू गंजतात, त्यामुळे तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

न्यू जर्सीतल्या मित्राने फोनवर डांबरी शिंगलची जाहिरात केली. त्याच्या घरावर तेच आहे, फळ्यांवर खिळे मारून बसवलेलं. मी म्हटलं, बाबा रे, खाली प्लायवूड लागतं, आणि आमच्याकडची वाळवी तीन हजार मिलीमीटर पावसात वाढलेली आहे.

आणखी एक फॅशन निघालीय: खाली पत्रा, वर शोभेला कौलं. होमस्टेवाल्यांचं समजू शकतो. पण आमच्या घरी वांदरांनी फोडलेली कौलं बदलायला वर चढणार कोण? परत बाबाच ना! गणपतीत चार दिवस येऊन फोटो काढणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी त्यांनी हे का करावं?

तर मी माझा विरोध मागे घेतलाय. पत्रा फिकट रंगाचा, खाली लाकडी सिलिंग आणि मधे हवा खेळायला दीड-दोन फूट पोकळी. उकाडा त्याने बराच कमी होईल. आवाज मात्र राहणार. पावसाळ्याआधी होणं शक्य नाही, त्यामुळे काम दिवाळीनंतर. यंदापुरती उरलेली कौलं मी आणि चुलतभावाने परतली. माझ्या हातून सात फुटली, वांदरांपेक्षा जास्त.

बाबांनी फक्त एक अट घातलीय. स्वयंपाकघरावर काचेचं कौल आहे, तेवढा उजेड आईला मिळाला पाहिजे. पत्र्यात तिथे पारदर्शक तुकडा बसतो, पण त्याच्या सांध्यातून गळतं असं दोघांनी सांगितलंय. कोणी बसवला असेल तर कळवा.