घड्याळ लावल्याखेरीज बिल नाही!

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका-कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. चौकशीला बसलेल्या तज्ज्ञांपुढे नोंदींचा डोंगर होता. पण आधी काय पडले आणि मागून काय, हे लावता लावता त्यांच्या नाकी नऊ आले. कारण नोंदणारी अनेक यंत्रे एका वेळेवर नव्हती. ती एका वेळेवर आणणे सक्तीचे करा, असे त्यांच्या अहवालाने बजावले. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. आमचा मागचा मात्र स्वतःच्या ठेचेची वाट पाहत बसला आहे!

आमच्या एखाद्या पंपहाउसातले पॅनेल उघडून पाहा. बॅटरी नसलेला कंट्रोलर वीज येताच १ जानेवारी १९७० ची पहाट, साडेपाच वाजलेले, दाखवत उठतो. बॅटरी असली तरी घड्याळातल्या क्रिस्टलची दहा लाखांत वीस भागांची चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. ५० हर्ट्झच्या विजेचे आवर्तन २० मिलिसेकंदांत आटोपते. तिथे पावणेदोन सेकंद!

‘एनटीपी टाकलंय, साहेब,’ हे ठरलेले उत्तर. एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याची पद्धत. टाकले म्हणजे काय केले? इंटरनेटवरचा एक पत्ता भरला, आणि फायरवॉलने १२३ क्रमांकाचे पोर्ट बंद केलेले! प्लांटच्या आतच उपग्रहावरून वेळ घेणारा सर्व्हर नको? एक खोटे बोलू लागला तर ओळखू यावा म्हणून चार स्रोत नकोत? त्याहून घोर अपराध म्हणजे चालू प्रक्रियेत वेळ खाडकन मागे ओढणे. टायमर त्याच घड्याळावर बांधलेला असेल, तर थांबायचा तो डोसिंग पंप क्लोरीन ओततच राहतो. कंट्रोल लूप कधीही मागे न जाणाऱ्या अंतर्गत गणकावरच चालले पाहिजे. घड्याळ झटक्यात लावायचे ते सुरुवातीला, पुढे हळूहळू सरकवायचे. आणि ग्रिडच्या फेजचा कोन मोजताना, जिथे एक मिलिसेकंद चुकला की १८ अंश चुकतात, तिथे पीटीपी ही अधिक काटेकोर पद्धत टाळून एनटीपीवर भागवणे हा निव्वळ कद्रूपणा आहे.

मुंबईने १९०६ नंतर कित्येक वर्षे प्रमाणवेळेला जुमानले नाही. ती ३९ मिनिटे मागे राहिली. त्यात निदान परक्या सरकारशी वैर होते. आजच्या हट्टामागे आळसाखेरीज काय आहे? राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवा, असा आदेश सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला. तो सर्व्हर रूमच्या दारातच थबकला.

अधिकाऱ्यांनो, कमिशनिंगच्या वेळी वीज घालवा, परत आणा. नेटवर्कची केबल काढा, पुन्हा जोडा. आणि प्रत्येक कंट्रोलर किती चुकतो ते मोजून लिहून घ्या. तो आकडा कागदावर येईपर्यंत ठेकेदाराचे बिल अडवा.