शाळिग्रामाचे कुळ आणि सिमेंटची भट्टी

गंडकीच्या पात्रातील शाळिग्राम हिंदू घरांतून भक्तिभावाने पुजला जातो. चक्रांकित शाळिग्राम हा अमोनाईट या लुप्त सागरी जीवाचा जीवाश्म असतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच कुळातील जीवाश्म तमिळनाडूतील अरियलूर परिसराच्या खडकांत आढळतात. क्रिटेशस काळात (हे नावच खडूच्या लॅटिन शब्दावरून पडले) तेथे समुद्र होता. १८६० च्या दशकात फर्डिनांड स्टोलिच्का या युरोपीय विद्वानाने त्या जीवाश्मांचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. आज तेथील चुनखडी सिमेंटसाठी खणली जाते आणि तिच्यासोबत प्राचीन सागराचे पुरावेही भट्टीत जातात.

इंग्लंडमधील वेस्ट डॉर्सेटच्या किनाऱ्यावर हौशी संग्राहकांना सरसकट मज्जाव नाही. लाटा जे नष्ट करतील ते वेचावे, मात्र महत्त्वाच्या नमुन्याची नोंद करावी, असा तेथे दंडक आहे. कारण स्थळाची नोंद नसलेला जीवाश्म केवळ शोभेचा दगड उरतो.

भारतात भूवारसा संरक्षण विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण नुसत्या कायद्याने भागणार नाही. खाणीच्या तोंडाशी जाणकार आणि शाळाशाळांतून डोळस संग्राहक हवेत. शाळिग्रामापुढे हात जोडणाऱ्या समाजाने त्याच्याच कुळाची भुकटी होऊ द्यावी काय?